एका वेढ्यात दोन साले: मालेगाव १८१८ आणि तारखांचे रूपांतर

१/२०
मे १८१८च्या मध्यास लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेल याची इंग्रज फौज मोसम नदीकाठच्या मालेगावच्या भुईकोट किल्ल्यासमोर येऊन ठाकली. १४ जूनला किल्ल्यावर इंग्रजी निशाण चढले. वेढा जेमतेम एक महिना चालला. तरीही मराठी दप्तराच्या रीतीने तो एका साली सुरू होतो आणि दुसऱ्या साली संपतो. हे कसे घडते, आणि जुने कागद संगणकावर मांडणाऱ्या अभ्यासकाला आज त्याची दखल का घ्यावी लागते, याचा हा थ्रेड.

२/२०
प्रथम प्रसंग. मालेगावचा किल्ला नारो शंकर राजेबहादूर यांनी अठराव्या शतकात बांधला. १८१८च्या उन्हाळ्यात नाशिक-खानदेशातील किल्ले एकामागून एक इंग्रजांच्या हाती जात होते. अंकाई, चांदवड, त्र्यंबक यांना फार दिवस लागले नाहीत. मालेगावात मात्र अरब शिबंदी होती आणि ती हटून बसली. खोल खंदक, भक्कम तट आणि एका अंगाला नदी असा हा किल्ला इंग्रजांना अपेक्षेहून फार महागात पडला.

३/२०
घटनांचा क्रम असा. २९ मे रोजी इंग्रजांनी तटावर हल्ला चढवला, तो फसला. ३ जून रोजी दूर असीरगडाच्या परिसरात दुसरा बाजीराव सर जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाला. मालेगाव लढतच राहिले. ११ जून रोजी तोफांच्या माऱ्याने किल्ल्यातील दारूसाठ्याचा स्फोट झाला. १३ जून रोजी जमादार अब्दुल कादिर बोलणी करण्यास बाहेर आला आणि दुसऱ्या दिवशी शिबंदीने किल्ला सोडला.

४/२०
या तारखा नुसत्या सनावळीच्या ओळी नाहीत. त्यांच्यावर एक मोठे विधान उभे आहे: पेशवा शरण गेल्यावरही मालेगाव दहा दिवस लढत होते. ३ जून आणि १३ जून यांतील अंतर चुकीच्या रूपांतराने पुसले गेले, तर हे विधानही पुसले जाते. मग शिबंदी धन्यासाठी लढली, थकलेल्या पगारासाठी लढली की स्वतःच्या अब्रूसाठी लढली, हा प्रश्नच उरत नाही.

५/२०
आता पाहावे की त्या महिन्यात तारीख किती तऱ्हांनी लिहिली जात होती. इंग्रज छावणीत मे आणि जून १८१८. पंचांग पाहणाऱ्यासाठी वैशाख आणि ज्येष्ठ, शके १७४०. किल्ल्यातील अरबांसाठी रजब आणि शाबान, हिजरी १२३३. महसुली हिशेबात फसली. आणि पेशवाईच्या पत्रव्यवहारात अरबी साल, म्हणजेच शुहूर सन. घटना एकच, तिच्या पाच नोंदी पाच वेगळ्या घड्याळांवर.

६/२०
यांतील फसली आणि शुहूर ही दोन्ही साले मृगाला बदलतात. सूर्य मृग नक्षत्रात गेला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, की नवे साल. म्हणूनच शुहूर सनाला मृगसाल असेही म्हणत. शेतीचा हिशेब पावसावर चालत असल्याने ही व्यवस्था सोयीची होती. पण मालेगावचा वेढा नेमका मृगावर येऊन पडला. २९ मेचा फसलेला हल्ला फसली १२२७ आणि शुहूर १२१८ मध्ये. १३ जूनची शरणागती फसली १२२८ आणि शुहूर १२१९ मध्ये.

७/२०
रूपांतराची एक सोपी रीत पुष्कळांना पाठ असते: दक्षिणी फसलीत ५९० मिळवा, इसवी सन मिळतो. जून ते डिसेंबर या काळापुरते ते खरे आहे. १२२८ अधिक ५९० म्हणजे १८१८. पण जानेवारीपासून मृगापर्यंत ५९१ मिळवावे लागतात. जो सरसकट ५९० मिळवील त्याच्या वहीत २९ मेचा हल्ला १८१७ साली पडेल. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ची. म्हणजे युद्ध सुरू होण्याच्या पाच महिने आधीच मालेगावच्या तटावर हल्ला झाला, असा चमत्कारिक इतिहास तयार होईल!

८/२०
शुहूर सनाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. त्याचे आकडे अंकांत नसून अरबी संख्याशब्दांत लिहिलेले असत, आणि तेही उलट क्रमाने: आधी एकक, मग दशक, मग शतक, शेवटी हजार. वेढा सुरू झाला तेव्हा साल होते ‘समान अशर मयातैन व अलफ’, म्हणजे आठ, दहा, दोनशे आणि हजार: १२१८. मृग लागताच ‘समान’च्या जागी ‘तिसा’ आले: १२१९. मोडीच्या धावत्या वळणात एक शब्द चुकीचा वाचला गेला की अख्खे वर्ष सरकते.

९/२०
पेशवाईच्या पत्रात साल शुहूरचे असले तरी महिना आणि दिवस पुष्कळदा हिजरीचे असत. ‘छ’ हे अक्षर चंद्राचे. ‘छ ९ साबान’ म्हणजे शाबान महिन्याचा नववा चंद्र. साल सूर्यावर चालणारे आणि महिना चंद्रावर चालणारा. बारा चांद्र महिन्यांचे वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. परिणामी अरबी सालाच्या पहिल्या दहा-अकरा दिवसांतील चांद्र तारीख त्याच सालाच्या अखेरीस पुन्हा एकदा येते.

१०/२०
मालेगावची शरणागती मृगानंतर आठ-दहा दिवसांनी झाली, म्हणजे याच दुहेरी पट्ट्याच्या शेवटाकडे. त्या दिवसांत लिहिलेल्या पत्रावर फक्त चांद्र दिवस आणि शुहूर साल असेल, तर ते जून १८१८चे की पुढच्या मृगाच्या तोंडावरचे, म्हणजे १८१९चे, हे केवळ गणिताने ठरत नाही. वार लिहिला आहे काय, पत्रात किल्ला कोणाच्या ताब्यात आहे, वेढ्याचा उल्लेख चालू काळात आहे की मागच्या, हे पाहून निवाडा करावा लागतो. रूपांतर हे येथे वाचनाचे काम होते.

११/२०
एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासकांनी यासाठी जंत्र्या तयार केल्या. बाळाजी प्रभाकर मोडक आणि पुढे ग. ह. खरे यांनी निरनिराळ्या कालगणनांचे दिवस समोरासमोर मांडले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह १८९६ साली भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. तिथीचा इंग्रजी दिवस काढण्याचा मार्ग त्याने सर्वांना खुला केला. जंत्री म्हणजे रूपांतराचा तक्ता. मूळ पत्र एका हाती, जंत्री दुसऱ्या हाती आणि निष्कर्ष तिसऱ्या कागदावर, अशी ती शिस्त होती.

१२/२०
आता तीच शिस्त संगणकावर. जुने कागद जतन करण्यासाठी जगभर एक्सएमएल ही खूणपद्धती वापरली जाते. तिची पहिली अधिकृत आवृत्ती फेब्रुवारी १९९८ची. तीत मजकुराच्या प्रत्येक भागाभोवती तो भाग काय आहे हे सांगणारी खूण असते: हे नाव, हे गाव, ही तारीख. १९८७ साली सुरू झालेल्या टीईआय या उपक्रमाने साहित्य आणि इतिहास यांच्या कागदांसाठी अशा खुणांचा सविस्तर संकेत घालून दिला. त्यात तारखेच्या खुणेला स्वतंत्र स्थान आहे.

१३/२०
त्या खुणेची रचना अर्थपूर्ण आहे. खुणेच्या आत लेखकाने लिहिलेले शब्द जसेच्या तसे राहतात: ‘छ ९ साबान सु॥ तिसा अशर मयातैन व अलफ’ (हा केवळ रचना समजण्यासाठी केलेला नमुना). खुणेच्या अंगावर, वेगळ्या कप्प्यात, अभ्यासकाने काढलेली तारीख येते: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. निश्चिती नसेल तर दोन कप्पे: ‘याआधी नव्हे’ १८१८-०६-१३, ‘यानंतर नव्हे’ १८१८-०६-१५. चंद्रदर्शन एक दिवस मागेपुढे होते. तो संशयही नोंदला जातो.

१४/२०
वर्ष-महिना-दिवस हा क्रम १९८८च्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय संकेताचा आहे. त्याचा लाभ असा की अक्षरांच्या क्रमाने लावले तरी दिवस आपोआप कालक्रमाने लागतात. ‘१४ जून’ आणि ‘२९ मे’ यांची अशी मांडणी केली तर जून आधी येतो आणि मे नंतर. ‘१८१८-०५-२९’ आणि ‘१८१८-०६-१४’ यांची केली तर हल्ला आधी आणि शरणागती नंतर. शुहूर सनात एकक आधी येते, संगणकाला शतक आधी लागते. हा फरक एवढाच.

१५/२०
यापुढचे काम रूपांतर-पत्रकाचे, म्हणजेच स्टाइलशीटचे. त्यासाठीची भाषा एक्सएसएलटी. पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९९९ची. हे पत्रक म्हणजे नियमांची यादी: अमुक खूण दिसली की तमुक लिहावे. पत्रक मूळ कागद वाचते आणि दुसराच नवा कागद तयार करते. मूळ अबाधित राहते. इंग्रज छावणीची रोजनिशी आणि मराठी पत्रे दोन वेगळ्या संचांत असली, तरी एका पत्रकाने ती दिवसवार एकत्र लावता येतात. ३ जूनखाली माल्कमची छावणीही येते आणि मालेगावचे मोर्चेही.

१६/२०
पहिल्या आवृत्तीत तारखेसाठी स्वतंत्र सोय नव्हती. अभ्यासक अक्षरे मोजून तुकडे पाडत: पहिली चार वर्षाची, सहावे-सातवे महिन्याचे, आणि मग महिन्याचे नाव हाताने लिहिलेल्या तक्त्यातून. जानेवारी २००७च्या दुसऱ्या आवृत्तीत तारीख मांडण्याची तयार क्रिया आली. तिला तारीख, मांडणीचा साचा, भाषा, कालगणना आणि घटनेचा देश सांगता येतो. कालगणनांच्या यादीत हिजरी, विक्रम संवत, शक आणि फसली यांची नावे आहेत! मृगाला बदलणारे ते साल जागतिक संकेतात नोंदले गेले आहे.

१७/२०
तथापि नाव असणे आणि काम होणे यांत अंतर आहे. कोणत्या कालगणना प्रत्यक्ष हाताळायच्या हे प्रत्येक संगणक-प्रणालीवर सोडलेले आहे. यादीत फसली एकच. उत्तरेची फसली आणि दक्षिणेची फसली यांच्यात सुमारे दोन वर्षांचा फरक पडतो. आणि शुहूर सन व शिवछत्रपतींचा राज्याभिषेक शक यांना त्या यादीत स्थान नाही. मराठी कागदांना ज्यांची सर्वाधिक गरज, तीच साले अभ्यासकाने स्वतः नियम लिहून सांभाळावयाची आहेत. ५९०चा नियम लिहिताना मृगाची अट त्यात घालावयाची ती येथेच.

१८/२०
यंत्रावर विसंबण्याचा धोका एका प्रसिद्ध तारखेवरून कळतो. जेधे शकावलीत शिवजन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१, शुक्रवार असा आहे. त्याची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे. संगणकाची तारीख मात्र ग्रेगोरियन गणना मागेही तशीच ताणते. १६३०-०२-१९ असे भरून वार विचारला, तर यंत्र ‘मंगळवार’ सांगते. शकावलीतील शुक्रवार १६३०-०३-०१ या दिवशी मिळतो. येथे शकावली अचूक आहे. चूक कालगणना न सांगता तारीख भरणाऱ्याची.

१९/२०
मालेगावच्याच कहाणीत रूपांतराचा आणखी एक धडा आहे. शरणागतीच्या वेळी आश्वासनाचा कागद मराठीत लिहिला गेला. सेनापतीच्या मनातील अटी आणि मराठी शब्दांतून निघणारा अर्थ यांत फरक पडला. कागद अरबांना अधिक उदार वचन देत होता. वाद एल्फिन्स्टनपुढे गेला आणि त्याने शिबंदीला अनुकूल असा अर्थ मान्य केला. हा निवाडा शक्य झाला, कारण मूळ मराठी कागद हाती होता. केवळ इंग्रजी गोषवारा उरला असता, तर शिबंदीला दाद मागण्यास आधारच राहिला नसता.

२०/२०
जुन्या तारखेचेही तसेच आहे. ‘तिसा अशर मयातैन व अलफ’ खोडून तेथे केवळ ‘१८१८’ लिहिणे म्हणजे पुराव्याच्या जागी निवाडा ठेवणे. उद्या निवाडा चुकला असे दिसले तर परत जाण्यास वाट उरत नाही. लिहिलेले शब्द जपावेत, काढलेला दिवस शेजारी ठेवावा, कोणत्या गणनेने काढला ते नोंदवावे. मग रूपे हवी तितकी घ्यावीत, शके, हिजरी, फसली वा इसवी. मोसमकाठी १८१८च्या जूनमध्ये मृग लागला आणि साल बदलले. तट लढवणाऱ्यांचा वेढा मात्र एकच होता, आणि तो एकच राहील याची काळजी आता रूपांतर करणाऱ्याने घ्यावयाची आहे.
(समाप्त)